अकरावीला गणित द्यायचं नाही, असं शाळा म्हणू शकते का?

डिचोलीहून एका आईने विचारलं आहे. मुलीला दहावीत एकूण ८४ टक्के, गणितात ६८. हायर सेकंडरीत सायन्सला प्रवेश मिळाला, पण टेबलावर सांगण्यात आलं, "गणितात ७५च्या खाली असलेल्यांना आम्ही मॅथ्स देत नाही, बायोलॉजी घ्या." लेखी काही दिलं नाही. शाळेला असं करता येतं का, आणि आता काय करायचं?

ताई, सरळ उत्तर आधी देते. शाळा अट घालू शकते. पण आयत्या वेळी, तोंडी, एकाच आकड्यावर बोट ठेवून आणि फेरविचाराला जागा न ठेवता घातलेली अट निमूटपणे मान्य करायची तुम्हाला गरज नाही. मी २६ वर्षं फोंडा तालुक्यात अकरावी-बारावीला गणित शिकवते आहे. त्यातली बरीच वर्षं प्रवेश समितीवर होते, म्हणजे तुम्ही ज्या टेबलासमोर उभ्या होता त्याच्या पलीकडे मी बसले आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कायद्याचं आटोपून घेऊ, कारण तिथे फार काही हाती लागत नाही. २००९चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंतच्या शिक्षणासाठी आहे. प्रवेश देताना मुलांना चाळणी लावायला त्याच्या १३व्या कलमात मनाई आहे, पण तुमची मुलगी त्या वयाच्या पुढे गेली. अकरावीत अमुक विषय मिळालाच पाहिजे असा हक्क तिला हा कायदा देत नाही. आपल्या गोव्यातल्या शाळा १९८४च्या शालेय शिक्षण कायद्याखाली आणि १९८६च्या नियमांखाली चालतात, आणि अकरावीचे प्रवेश शाळा-शाळांतूनच होतात. त्यामुळे जागा किती, कोणत्या विषयांची जोडी द्यायची, किती मार्कांना द्यायची, यात शाळेला बरीच मोकळीक असते. न्यायालयंही अभ्यासाच्या बाबतीत शिक्षकांचा निर्णय सहसा बदलत नाहीत. ती एवढंच बघतात की निर्णय मनमानी आहे का, एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा नियम लावला का. अनुदानित शाळा सरकारच्या पैशावर चालते, तिला तसं करता येत नाही. तुमची बाजू भक्कम आहे ती इथे.

एक अपवाद मात्र ठळकपणे सांगायला हवा. मुलाला अंधत्व असेल, कमी ऐकू येत असेल, शिकण्यातली विशिष्ट अडचण असेल, आणि केवळ त्या कारणाने "तुला गणित जमणार नाही" असं म्हणून विषय नाकारला, तर तो भेदभाव आहे. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा मान्यताप्राप्त शाळांना अशा मुलांना भेदभाव न करता घ्यायला आणि गरजेप्रमाणे सोयी द्यायला सांगतो. तिथे विनवण्या करायच्या नसतात. कायद्याचं नाव घालून पत्र द्यायचं.

सीबीएसईच्या पालकांनाही हा प्रश्न पडतो. तिथे २०१९-२० पासून दहावीला 'बेसिक' आणि 'स्टँडर्ड' असं दोन पातळ्यांचं गणित आहे. अभ्यासक्रम एकच, पुस्तक एकच, फक्त बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी वेगळी. मूळ नियम असा होता की बेसिक घेतलेल्याला अकरावीत नेहमीचं गणित मिळणार नाही. घ्यायचं असेल तर आधी स्टँडर्डची परीक्षा देऊन पास व्हायचं. कोरोनाच्या वर्षी ही अट सैल केली, आणि पुढची काही वर्षं ती सवलत वाढवत नेली, एवढंच सांगून की मुलाला हा विषय झेपेल याची खात्री मुख्याध्यापकांनी करून घ्यावी. देशभरच्या शाळांसाठी नियम करणाऱ्या मंडळाला स्वतःची अट अशी सोडता येते, तर टेबलावर बसून सांगितलेला ७५चा आकडा काही दगडावरची रेघ नाही.

आता शाळा असं का करते ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय तुम्हाला बोलता येणार नाही. पहिलं कारण निकाल. मी पूर्वी ज्या शाळेत होते तिथे मे महिन्याच्या बैठकीत स्पष्ट सांगितलं जायचं, "गणितात नापास होणारी मुलं आत घेऊ नका, शंभर टक्क्यांचा बोर्ड लावायचा आहे." मुलीच्या पुढच्या पन्नास वर्षांपेक्षा फाटकावरचा फलक मोठा ठरायचा. दुसरं कारण वेळापत्रक. गणिताचा शिक्षक एक, वर्ग दोन, बाकडी साठ. मग गाळायला मार्कांची रेघ ओढायची, कारण ती ओढायला सोपी. तिसरं कारण मनापासूनची काळजी, आणि ते खोटं नसतं. दहावीत साठ-सत्तर मार्क असलेलं मूल अकरावीच्या पहिल्या चाचणीत आपटलं की घरची माणसं आमच्याकडेच येऊन रडतात. चौथं कारण कोणी बोलत नाही: मुलगी आहे, बायोलॉजी बरी. हे मी शिक्षकांच्या तोंडून ऐकलं आहे आणि आयांच्याही. तुमच्याबाबतीत यातलं कोणतं आहे ते शोधायचा एकच मार्ग, विचारायचं: ही अट माहितीपुस्तिकेत छापली आहे का, आणि यंदा ७५च्या खालच्या कोणाला गणित दिलं आहे का?

६८ या आकड्याकडेही जरा नीट बघा. शंभरातले वीस मार्क शाळेचे अंतर्गत असतात आणि ते बहुतेकांना अठरा-एकोणीस मिळतात. म्हणजे लेखी ८० पैकी तुमच्या मुलीला ४९-५० मिळाले असतील, एकसष्ट-बासष्ट टक्के. शाळेची भीती निव्वळ हवेतली नाही, हे मान्य करून बोला. पण ८० मार्कांच्या एका पेपरातून तुम्हाला किंवा मला हे कळत नाही की गेलेले तीस मार्क कुठे गेले. भूमितीची सिद्धता पाठ नव्हती म्हणून गेले, शेवटचा प्रश्न वेळेअभावी सुटला म्हणून गेले, की बीजगणित कच्चं आहे म्हणून गेले? अकरावीसाठी या तिन्हींचा अर्थ अगदी वेगळा. (दहावीला दोन पातळ्यांचं गणित असलं तर मार्कलिस्टवर कोणती पातळी छापली आहे तेही बघा. सोप्या पातळीचे ६८ असतील तर मी पुढे सांगते ती तपासणी अधिक काटेकोरपणे करा.)

आणि एक गोष्ट जी आपल्या गोव्यात मला सगळ्यात जास्त सलते. डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे इथली कितीतरी मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकतात आणि पाचवीला इंग्रजी माध्यमात जातात. काल जो लसावि होता तो आज एलसीएम होतो, छेद डिनॉमिनेटर होतो, परिमिती पेरिमीटर. ही नावं मुलं वर्षभरात शिकतात. अडतं ते बारक्या शब्दांवर. 'ॲट लीस्ट' आणि 'ॲट मोस्ट' यात उलटंसुलटं करून संभाव्यतेचं अख्खं गणित चुकवलेली मुलं मी दरवर्षी बघते. त्यांना मराठीत 'निदान तीन' आणि 'जास्तीत जास्त तीन' म्हटलं की त्याच मिनिटाला हात वर होतात.

सत्तरीतला एक मुलगा होता, गणितात ६१. प्रवेश समितीत मीच म्हटलं, याला झेपणार नाही. तो बायोलॉजीला गेला, बारावी झाला, आणि एका रविवारी कदंबा बसने माझ्या घरी आला. हातात मुक्त विद्यालयाचं गणिताचं पुस्तक. "टीचर, मला हे करायचंच आहे." आम्ही बसलो. तिसऱ्या रविवारी माझ्या लक्षात आलं की मुलाला समीकरणं उत्तम येतात, शाब्दिक उदाहरणात 'रिस्पेक्टिव्हली' आलं की तो थांबतो. त्या शब्दाचा अर्थ त्याला कोणी सांगितलाच नव्हता, आणि विचारायची त्याला लाज वाटत होती. 'अनुक्रमे', एवढाच. त्याची दोन वर्षं माझ्या एका वाक्याने गेली. त्यानंतर मी समितीत असेपर्यंत पेपर समोर ठेवल्याशिवाय कोणालाही नाही म्हटलं नाही.

तेव्हा शाळेत जाण्याआधी घरी एक काम करा. येत्या रविवारी मुलीला तासभर शांत बसवा, मोबाईल बाजूला, आणि हे चार प्रश्न द्या.

पहिला: १/(क्ष − १) मधून १/(क्ष + १) वजा करून सोपं रूप दे. दुसरा: २क्ष² − ५क्ष − ३ = ० सोडव. तिसरा: शांत पाण्यात होडीचा वेग ताशी ८ किलोमीटर. ती मांडवीत प्रवाहाच्या दिशेने १५ किलोमीटर गेली आणि तेवढंच उलट परत आली, सगळे मिळून ४ तास लागले, तर प्रवाहाचा वेग किती? चौथा: (अ + ब)² म्हणजे अ² + ब² का नाही, हे मला समजावून सांग, हवं तर चित्र काढ.

उत्तरं अशी: पहिल्याचं २/(क्ष² − १), दुसऱ्याची ३ आणि उणे १/२, तिसऱ्याचं ताशी २ किलोमीटर. पण उत्तरापेक्षा कागद बघा. पहिल्यात उण्याचं चिन्ह कंसात शिरताना चुकलं तर ती सवयीची चूक, महिनाभराच्या सरावाने जाते. छेदच एकमेकांतून वजा केले असतील तर अपूर्णांक कच्चे आहेत आणि काम सहावीपासून करावं लागेल. तिसऱ्यात १५/(८ + क्ष) + १५/(८ − क्ष) = ४ इतकं मांडलं आणि पुढे अडली, तरी मला ती चालेल. मांडताच आलं नाही तर तोच प्रश्न इंग्रजीत आणि मराठीत दोन्ही वाचून दाखवा, कुठल्या भाषेत डोळे चमकतात ते बघा. चौथा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. मुलीने चौकोन काढून त्याचे चार तुकडे केले, दोन आयत 'अब' चे दाखवले, तर ६८ काय आणि ५८ काय, मी तिला वर्गात घेईन. कारण अकरावीत जे येतं, संच, फलनं, त्रिकोणाबाहेर पडलेली त्रिकोणमिती, संमिश्र संख्या, क्रमचय, शंकुच्छेद, शेवटी मर्यादा आणि विकलज, त्यात पाठ करून फार दूर जाता येत नाही. दहावीत नव्वदच्या पुढे असलेली मुलं चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीपर्यंत रडकुंडीला आलेली मी पाहिली आहेत, आणि पासष्टवाली मुलं हळूहळू वर चढलेली.

आणि पहिले दोन प्रश्न अजिबात सुटले नाहीत, तीन आठवडे रोज तासभर बसूनही सुटले नाहीत, तर शाळेचं म्हणणं बरोबर असण्याची शक्यता आहे. तसं असलं तर ते मी तुम्हाला तोंडावर सांगेन. मुलीला दोन वर्षं रोज हरायला पाठवू नका.

हा वाद काही आपल्याच गावचा नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात अशाच तक्रारी वाढल्या. मुलं आठवीत बीजगणित पास झाली तरी नववीत त्यांना तोच वर्ग पुन्हा करायला लावत, आणि याचा फटका गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांना जास्त बसे. २०१५ मध्ये तिथे कायदाच झाला: नववीत कोणाला कुठल्या गणिताच्या वर्गात बसवायचं याचं धोरण लेखी आणि उघड असलं पाहिजे, एकापेक्षा जास्त वस्तुनिष्ठ निकषांवर असलं पाहिजे, वर्ष सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात एकदा फेरतपासणी झाली पाहिजे, आणि पालकांना निर्णयावर दाद मागता आली पाहिजे. त्याच राज्यात सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ मध्ये उलट टोक गाठलं होतं. सगळी मुलं एकत्र राहावीत म्हणून आठवीतलं बीजगणितच काढून टाकलं. ऐपत असलेल्यांनी बाहेर शिकवण्या लावल्या. वरच्या गणिताच्या वर्गांत वेगवेगळ्या समाजांतल्या मुलांच्या प्रमाणातली दरी फारशी बुजली नाही, असं स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी २०२३ मध्ये दाखवलं, आणि २०२४ मध्ये ते बीजगणित परत आणायचं ठरलं. टेक्सासने २०२३ मध्ये तिसरीच वाट धरली: पाचवीच्या परीक्षेत वरच्या ४० टक्क्यांत आलेल्या मुलाला सहावीत प्रगत गणितात आपोआप घालायचं, नको असेल तर पालकांनी तसं कळवायचं. तिथे मूल दाराशी उभं राहून विनवत नाही, ते आधीच आत असतं.

हे कायदे आपल्याला लागू नाहीत. पण कॅलिफोर्नियाच्या त्या चार गोष्टी, लेखी, अनेक निकष, महिन्याने तपासणी, दाद, या मागायला कायदा लागत नाही. मी त्या आमच्या समितीत मागितल्या होत्या. तीन मिळाल्या, फेरतपासणी मिळाली नाही. वेळापत्रक एकदा बसलं की हलवणं कठीण, असं उत्तर आलं.

आता पत्र. प्राचार्यांच्या नावे, एका पानात. मुलीचं नाव, दहावीचे गुण, आणि तीन विनंत्या: गणित न देण्याचं कारण लेखी द्यावं, ही अट कुठे आणि केव्हा जाहीर केली होती ते कळवावं, मुलीची छोटी लेखी चाचणी घ्यावी किंवा पहिल्या चाचणीपर्यंत गणितात तात्पुरतं बसू द्यावं, नाही जमलं तर आम्ही स्वतःहून विषय बदलू. ही तिसरी विनंती सर्वांत उपयोगी आहे. नाही म्हणायचं तर शाळेला त्यासाठी कारण शोधावं लागतं, आणि हो म्हणायला तिला फारसं काही लागत नाही. पत्र मराठीत दिलंत तरी हरकत नाही. आवाज चढवू नका, वर्तमानपत्राची धमकी देऊ नका, शेजारच्या मुलाचं नाव घेऊ नका. आवक क्रमांक आणि शिक्का घेतलेली प्रत स्वतःकडे ठेवा. नुसत्या या शिक्क्याने अर्धी प्रकरणं मिटलेली मी पाहिली आहेत.

आठवडाभरात उत्तर नाही आलं तर शाळेच्या व्यवस्थापनाला आणि पालक-शिक्षक संघाला तीच प्रत. मग शिक्षण खात्याच्या विभागीय कार्यालयात. अनुदानित शाळा असेल तर माहिती अधिकारात विचारता येतं की यंदा गणित मिळालेल्यांचे दहावीचे किमान गुण किती होते. उत्तर द्यायला तीस दिवसांची मुदत असते, म्हणून तो अर्ज पहिल्या पत्रासोबतच टाका, मागाहून नको. घाई यासाठीच, की अकरावीला जो विषय घेतला तोच बारावीला चालवायचा असतो. बोर्डाकडे नोंदणी गेली की बदल फार जड जातो. आणि दोन महिन्यांचा बुडालेला अभ्यास भरून काढणं मुलीलाही जड जातं.

गणित नाहीच मिळालं तर काय बंद होतं तेही माहीत असू द्या. जेईईतून अभियांत्रिकी, म्हणजे आपल्या कुंकळ्ळीचं एनआयटी असो वा आयआयटी, गणिताशिवाय नाही. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या देशपातळीवरच्या परिषदेने, २०२१ मध्ये काही शाखांसाठी गणिताची सक्ती सैल केली, पण कॉलेजं आणि प्रवेश परीक्षा त्याप्रमाणे बदलल्या असं समजून चालू नका. आर्किटेक्चर, एनडीएतून वायुदल आणि नौदल, दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स, सगळीकडे गणित लागतं. फार्मसीला बायोलॉजी चालते. तुमची शाळा भौतिक-रसायनासोबत गणित आणि बायोलॉजी दोन्ही देत असेल तर तो पर्याय आधी विचारा, ओझं वाढतं पण वाट उघडी राहते. सीबीएसईत उपयोजित गणित हा वेगळा विषय आहे, कॉमर्सकडे जाणाऱ्यांना चांगला, पण अभियांत्रिकीसाठी त्याच्यावर विसंबू नका. आणि एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, ज्याचं पुस्तक त्या सत्तरीच्या मुलाच्या हातात होतं, तिथून गणित एक विषय म्हणून मागाहून देता येतं. मात्र पुढे जिथे जायचं तिथे तसं गणित ग्राह्य धरतात का, हे फी भरण्याआधी लेखी विचारून घ्या.

एक विचारायचं राहिलं, ताई. तुमच्या प्रश्नात शाळेचं म्हणणं आहे, तुमचं म्हणणं आहे, मुलीचं कुठेच नाही. तिला गणित हवं आहे का? की इंजिनिअरिंग तुमच्या घरात ठरलं आहे? रविवारी ते चार प्रश्न झाले की तिला विचारा, आणि ती हो म्हणाली तर अर्जावर तिचीही सही घ्या. चाचणीचा कागद तिच्याच अक्षरातला अर्जाला जोडा. प्राचार्यांना भेटायला जाताना तिला सोबत न्या, आणि होडीचं गणित तिने कसं मांडलं ते तिलाच सांगू द्या.